हातअवजारांच्या सुतारकामात नवीन आलेल्यांचं स्वागत (आणि जुन्यांना एक विनंती)

खाचकुसू:

या धाग्यावर नवीन मंडळींनी बिनधास्त विचारायचं. "आधी जुनं सगळं वाचून या" असं इथे कुणी म्हणणार नाही. म्हटलंच तर मला सांगा.

पण धागा काढायचं खरं कारण जुनी मंडळी आहेत. नवीन माणूस विचारतो, "हाताने लाकूडकाम शिकायचंय, काय घेऊ?" संध्याकाळपर्यंत त्याच्या पदरात यादी पडते. तीन रंधे, पटाश्यांचा (लाकूड तासायच्या, खाचा पाडायच्या सपाट पात्यांचा) अख्खा संच, उभं चिरायची करवत वेगळी, आडवं कापायची वेगळी, डव्हटेलची (पक्ष्याच्या शेपटीसारख्या दातांच्या सांध्याची) त्याहून वेगळी, एक हजार, चार हजार आणि आठ हजारचे धार लावायचे दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), शिवाय हे सगळं वापरायला एक भक्कम बाक. तो बाक बनवायला हीच सगळी अवजारं आधी लागतात, याकडे कुणाचं लक्ष नसतं. मग दोघांची दगड की डायमंड प्लेट यावरून जुंपते आणि विचारणारा कधी उठून गेला ते कळतही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की त्याला पहिल्यांदा आपण विचारावं: बनवायचंय काय? चमचे कोरायचे असतील तर एक सुरी आणि एक वाकड्या पात्याची सुरी पुरते, रंध्याचं नावही काढायला नको. स्टूल बनवायचं असेल तर पायांसाठी गोल भोकं पाडायला काहीतरी लागेल. "काहीही चालेल, शिकायचंय" असं उत्तर आलं तर बेंच हुक बनवायला सांगा. साधारण २५० बाय २०० मिमीची एक फळी, एका कडेला वरून एक पट्टी, समोरच्या कडेला खालून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून कापायचं. एवढ्याशा वस्तूत गुण्या (काटकोन बघायचं अवजार) लावून रेघ मारणं, रेघेवर सरळ कापणं आणि पट्टी काटकोनात बसवणं हे तिन्ही येतं, आणि पुढच्या प्रत्येक कामात ती वापरात राहते.

त्यासाठी माझी यादी: एक करवत, २० मिमीच्या आसपासची एक पटाशी, गुण्या, खूण करायला धारदार चाकू, धार लावायला काहीतरी. रंधा दुसऱ्या टप्प्यात.

आता भांडा.

जुना रंधा:

भांडतो की. तुझ्या बेंच हुकची फळी सपाट कशी झाली? कारखान्यातून रंधून आलेली घेतलीस म्हणून. ओबडधोबड लाकूड हाती आलं तर तुझा नवीन माणूस गुण्या टेकवणार कशाला? गुण्याला एक सपाट बाजू आणि तिला काटकोनात एक कड लागते, आणि ती रंध्याशिवाय मिळत नाही.

एकच रंधा घ्यायचा तर ५ नंबर. १४ इंच लांब, २ इंच पातं. त्याला दोन पाती ठेवा. एक किंचित गोलाई दिलेलं, लाकूड झपाट्याने उतरवायला. दुसरं जवळजवळ सरळ, कडा जुळवायला आणि शेवटचा हात मारायला. छोट्या फळीवर हा एकटा तिन्ही रंध्यांचं काम करतो.

नंबरांबद्दलही सांगून टाकतो, कारण नवे लोक तिथे हमखास गोंधळतात. स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये लेनर्ड बेलीचा रंध्यांचा धंदा विकत घेतला, त्यातून हे आकडे रूढ झाले आणि आज दुसऱ्या कंपन्याही तेच वापरतात. ४ नंबर साधारण साडेनऊ इंच, ५ नंबर १४, ७ नंबर २२. आकडा लांबी-रुंदीचा आहे, दर्जाचा नाही. ७ घेतला म्हणून ४ पेक्षा वरचा माल मिळाला असं होत नाही, वजन मात्र नक्की जास्त उचलावं लागतं.

उलटी रेषा:

मी खाचकुसूच्या बाजूने. रंधून आलेलं लाकूड घेण्यात कसली लाज? पहिल्या महिन्यात माणसाच्या हातून एक वस्तू पुरी व्हायला हवी. फळीचा पीळ काढण्यातच महिना गेला तर तो परत येतोय कशाला.

पेशाने सुतार:

दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही धार विसरलात. रंधा आधी घ्या की करवत, पातं बोथट असेल तर दोन्ही भंगार. नव्याने घेतलेली पटाशी बहुतेक वेळा कामाला तयार नसते, आणि हे नवीन माणसाला कुणी सांगतच नाही. त्याला वाटतं आपल्याच हातात काही कमी आहे.

म्हणून लिहून ठेवतो, कुणी विचारलं की इकडे बोट दाखवा.

आधी पाठ बघा, म्हणजे उतार नसलेली बाजू. सगळी पाठ आरशासारखी करत बसू नका. धारेजवळचे दोनेक सेंटिमीटर सपाट झाले की पुरे. मग उतार. पटाश्या साधारण २५ अंशांवर घासलेल्या येतात. तो उतार हजारच्या दगडावर पूर्ण टेकवा, दांडा किंचित उचला म्हणजे कोन तीसच्या आसपास जाईल, आणि पातं आपल्याकडे ओढा. बोटं धारेच्या जवळ दाबलेली, मनगट घट्ट. हलायचं ते खांद्यातून आणि कमरेतून. मनगट हललं की कोन बदलतो आणि उताराला पोट येतं. हाताने जमत नसेल तर कोन धरून ठेवणारी होनिंग गाइड वापरा. तिला हसणारे तिसऱ्या दिवशी बोथट पटाशीने काम करताना दिसतात.

पाचसहा वेळा ओढून झालं की पाठीच्या बाजूने बोट धारेच्या बाहेर सरकवा. बाहेर, धारेवरून लांबीत नव्हे. तारेसारखा बारीक कंगोरा बोटाला अडला पाहिजे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग अडला तर हजारच्या दगडाचं काम संपलं. मध्येच तुटत असेल तर तिथपर्यंत दगड पोचलेला नाही, अजून ओढा. नव्यांचं इथेच बिनसतं. कंगोरा यायच्या आत बारीक दगडावर जातात, तासभर घासतात, पातं चकाकतं आणि कापत मात्र नाही.

कंगोरा आला की बारीक दगडावर तीच कृती, मग पाठ दगडावर सपाट टेकवून कंगोरा उतरवायचा. शेवटी चामड्यावर दोनचार हात.

धार तपासायला हाताचे केस कापू नका. पाइनचा तुकडा घ्या, त्याच्या टोकाकडची बाजू, जिथे वर्तुळं दिसतात, ती पटाशीने तासा. मऊ लाकूड इथे जास्त लबाड. बोथट पातं तंतू चुरडतं आणि पृष्ठभाग पांढुरका, खरबरीत राहतो. धार बरोबर असेल तर तेच टोक गडद आणि तुकतुकीत दिसतं.

खाचकुसू:

सुतारभाऊ, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा. एकच भर. दगड नसतील तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवूनही हे सगळं करता येतं. पेपर लवकर संपतो, त्यामुळे पुढे दगड किंवा डायमंड प्लेटच बरी, पण सुरुवात त्यावाचून अडत नाही. आणि दगड की प्लेट हा वाद कृपया इथे नको.

जुना रंधा:

प्लेट. (गंमत केली, थांबतो.)

दहा अंगठे:

नमस्कार. मी अगदीच नवा, नावावरून कळलंच असेल. इमारतीत राहतो, खाली-वर माणसं आहेत. वेळ मिळतो तो रात्री. बाक नाही आणि ठेवायला जागाही नाही, एक जुनं जेवणाचं टेबल आहे. या परिस्थितीत हे करता येतं का, की आधी घर बदलू?

शिवाय मी डावखुरा आहे. अवजारं वेगळी लागतात का?

भुसाताई:

दहा अंगठे, स्वागत. घर बदलू नका.

करवत आणि रंधा यांचा आवाज शेजारी जाण्याइतका नसतो. त्रास होतो तो ठोकण्याचा, पटाशीवर मोगरी मारून खाच पाडण्याचा. टेबलाचे पाय जमिनीतून तो आवाज सरळ खालच्या घरात पोचवतात. तीन गोष्टी करून बघा. ठोकायचं लाकूड टेबलाच्या मध्यावर न ठेवता बरोबर पायाच्या वर ठेवा, म्हणजे टेबल उडत नाही आणि घाव वाया जात नाही. पायांखाली जाड रबर घाला. आणि खाचेतलं बहुतेक लाकूड आधी हाताच्या ड्रिलने किंवा गिरमिटाने भोकं पाडून काढून टाका, भिंती पटाशीने हातानेच तासा. वेळ जास्त जातो पण रात्री अकरालाही करता येतं.

जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. करवतीला ठीक. रंध्याला बाकाची उंची ढोबळ मानाने अशी बघतात: सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मनगटाची घडी जिथे येते तिथपर्यंत बाक. त्याहून जरा खाली असला तर अंगाचं वजन रंध्यावर जातं आणि दंड दुखत नाहीत. टेबल हलत असेल तर भिंतीला टेकवा आणि भिंतीच्या दिशेने रंधा मारा.

डावखुरा:

डावखुऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून हजर.

पटाशी, साधे रंधे, गुण्या, बहुतेक करवती यांना डावं-उजवं नसतं. अडचण येते ती खोबण पाडायच्या रंध्यात आणि तिरप्या पात्याच्या रंध्यात. ते एका हाताचे असतात, आणि ते लागेपर्यंत तुम्ही बरेच पुढे गेलेले असाल. खूण करायचा चाकू एका बाजूने उतार दिलेला घेऊ नका. दोन्ही बाजूंनी उतार असलेला किंवा भाल्याच्या टोकासारखा घ्या. पुढे कधी बाक केलात तर शेगडा (लाकूड आवळून धरणारी पकड) उजव्या टोकाला बसवा. उजव्या हाताचे लोक तो डावीकडे लावतात आणि सगळी रेखाचित्रं त्यांचीच असतात.

यंत्रवाला:

वाद घालायचा नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतो. एक सर्क्युलर सॉ आणि एक इलेक्ट्रिक रंधा घेतला की हे सगळं दोन तासांत होतं. मग नव्या माणसाला एवढं घासत का बसवता?

पेशाने सुतार:

पोटापाण्याच्या कामात मी यंत्रं वापरतो, त्यामुळे मला हा प्रश्न टोचत नाही. वीस दारं करायची असतील तर हाताने करणं वेडेपणा. पण ज्याला एक पेटी करायची आहे त्याला यंत्र मांडून मापाला लावायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हाताने ती फळी कापून होते. आणि दहा अंगठेंच्या घरी रात्री अकराला इलेक्ट्रिक रंधा लावून बघा.

दुसरं म्हणजे धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली. रंधा छिलका काढतो, तो जमिनीवर पडतो. यंत्राची, त्यातही सँडरची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. हाताने पॉलिश पेपर मारतानाही ती होतेच, तेव्हा मास्क लावा. "आम्ही हाताने करतो म्हणून आम्हाला धूळ नाही" हे खरं नाही.

यंत्रवाला:

पटलं. अर्धं.

भुसाताई:

आता जुन्यांसाठी माझ्याकडूनही एक, कारण धागा त्यासाठीच आहे ना?

बाई अवजार विचारते तेव्हा तिला "मुलाच्या शाळेचा प्रकल्प आहे का?" असं विचारू नका. "यजमानांना विचारून घ्या" असंही सांगू नका. मला स्वतःला एका प्रदर्शनात माझ्याच स्टुलाबद्दल "कोणी बनवून दिलं?" असं विचारलं गेलंय. विचारणारा माणूस वाईट नव्हता, नंतर तासभर सांध्यांवर छान बोललाही. पण नवीन असते तर पहिल्या वाक्यालाच मी निघून गेले असते.

आणि "जोर लागतो हो यात" हे निव्वळ चुकीचं आहे. जोर लागतोय याचा अर्थ पातं बोथट आहे, करवत वाकडी धरली आहे किंवा बाक चुकीच्या उंचीचा आहे. करवत, कोपर आणि खांदा एका रेघेत ठेवले, तर्जनी करवतीच्या दिशेने सरळ सोडली आणि मूठ सैल ठेवली की करवत स्वतःच्या वजनाने कापते. मूठ आवळली की ती रेघ सोडते.

उलटी रेषा:

भुसाताई, हजार वेळा सहमत. यालाच जोडून फोटोंचंही बोलू.

नवीन माणूस आपला पहिला डव्हटेल टाकतो, फटी दिसत असतात. आपल्यातले अर्धे "वा, सुंदर!" म्हणतात, अर्धे सात चुका काढतात. दोन्ही निरुपयोगी. पहिल्यांना काही सांगायचं नसतं, दुसऱ्यांना स्वतःचं ज्ञान दाखवायचं असतं. आधी विचारा, मत हवंय का? हवं म्हणाला तर एकच गोष्ट सांगा, आणि ती का होते ते सांगा.

उदाहरण देतो. शेपटीच्या मुळाशी, खुणेच्या रेघेवर फट दिसते. नवीन माणसाला वाटतं करवत वाकडी गेली. बहुतेकदा करवतीचा काही दोष नसतो. पटाशीला एकाच बाजूला उतार असतो, त्यामुळे ठोकली की उताराच्या बाजूचं लाकूड तिला मागे ढकलतं. थेट रेघेवर ठेवून मोठा घाव घातला तर पटाशी रेघ ओलांडून आत सरकते, वरून मात्र सगळं नीट दिसत असतं. उपाय सोपा. रेघेपासून मिलिमीटरभर टाकाऊ बाजूला पहिले घाव घाला, मधलं लाकूड काढून टाका, आणि शेवटचा पातळ पापुद्रा रेघेवर पटाशी टेकवून हलक्या हाताने उतरवा. मागे ढकलायला लाकूडच उरत नाही.

हे एवढं कळलं तरी पुढचा डव्हटेल निम्म्याने सुधारतो. त्याच वेळी त्याला "तुझं लाकूडही चुकीचं, कोनही चुकीचा, गोंदही जास्त झाला" असं सांगितलं तर हे कळायचं राहून जातं.

जुना रंधा:

याला माझा एक आक्षेप. कुणी हात धोक्यात घालत असेल तर मत मागितलं नाही तरी सांगायचं. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हाताने त्यावर पटाशी, असा फोटो दिसला तर मी थांबणार नाही. लाकूड पकडीत किंवा बेंच हुकला टेकवलेलं, दोन्ही हात पात्याच्या मागे. यात सौजन्य नको.

उलटी रेषा:

मान्य. बोटांच्या बाबतीत मीही ओरडेन.

नवखी:

मी दोन आठवडे नुसती वाचत होते, आज धीर केला.

सागाची एक फळी आहे, ४ नंबरचा रंधा आहे, धार सुतारकाकांनी लिहिल्याप्रमाणे लावली. कंगोरा आला, पाइनचं टोक तुकतुकीत झालं, त्यामुळे धार बरी असावी. फळीचा बराचसा भाग छान होतोय. पण एका गाठीच्या आसपास हातभर पट्ट्यात लाकूड उचकटतं, खवल्यांसारखे खड्डे पडतात. फळी फिरवली तर ते थांबतं, पण गाठीच्या दुसऱ्या बाजूला सुरू होतं. रंधाच खराब आहे का?

खाचकुसू:

नवखी, स्वागत. रंधा ठीक आहे आणि तुमचं निरीक्षण त्याहून चांगलं आहे. फळी फिरवल्यावर उचकटायची जागा बदलली, याच्यातच उत्तर आहे.

फळीची कड बघा. तंतूंच्या रेषा पृष्ठभागाकडे कुठल्या दिशेने चढत येतात ते दिसेल. त्या चढत्या दिशेने रंधा मारला की तंतू कापले जातात. उलट मारला की पातं त्यांच्या खाली घुसतं, कापायच्या आधीच उचलतं आणि ते तुटतात. गाठीभोवती तंतू वळसा घेतात. म्हणून गाठीच्या एका अंगाला दिशा एक, दुसऱ्या अंगाला बरोबर उलटी. कुठूनही मारलंत तरी अर्धा पट्टा विरोधात जाणारच.

पेशाने सुतार:

यावर खरा इलाज टोपण पात्याचा. मुख्य पात्यावर जे दुसरं पातं स्क्रूने बसवलेलं असतं ते. नवे लोक त्याला शोभेचं समजतात. त्याची कड मुख्य धारेच्या अगदी जवळ आणा, शेवटच्या हातासाठी ०.२ मिमीच्या आसपास. डोळ्याला धारेची नुसती चकाकती रेघ उरलेली दिसली पाहिजे. मग छिलका वर येताक्षणी टोपण पात्याला धडकून पुढे मोडतो आणि त्याला तंतू उपसून काढायला जागाच मिळत नाही. जवळ आणण्याआधी दोन पात्यांच्या मध्ये उजेड दिसत नाही ना ते बघा, नाहीतर छिलका फटीत घुसून रंधा तुंबतो.

काप पातळ ठेवा. पुन्हा धार लावून मगच त्या पट्ट्यावर या. सागात सिलिका असते, ती धार भराभर खाते. फळीच्या सुरुवातीला असलेली धार गाठीपाशी पोचेपर्यंत उरलेली नसते.

नवखी:

छिलका सरळ उभा राहून येतोय आता! आधी कुरळा गुंडाळून यायचा. उचकटणं जवळजवळ थांबलं, गाठीला चिकटून नखाएवढी जागा राहिलीय.

पेशाने सुतार:

छिलका सरळ उभा येतोय म्हणजे टोपण पातं काम करतंय. उरलेल्या जागेला स्क्रेपर लावा, रंधा नको. पातळ पोलादी पत्रा असतो, कडेला कंगोरा वळवलेला. थोडा वाकवून, पुढे कलवून ढकलायचा.

दहा अंगठे:

हे वाचून मीही मोजायला बसलो. माझा छिलका कागदापेक्षा जाड आहे. मी चुकतोय का? व्हिडिओत तर आरपार दिसणारे छिलके असतात.

जुना रंधा:

अहो, ते शेवटच्या हाताचे छिलके. जपानमध्ये केझुरोकाई नावाचे मेळावे भरतात, तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ छिलका काढायची स्पर्धा असते. बघायला अप्रतिम. पण त्यांनी त्या पट्टीवर छिलका काढण्याआधी ती पट्टी जाड छिलके काढूनच सरळ केलेली असते. ओबडधोबड फळीवर असला पातळ छिलका काढत बसलात तर पेन्शनीला पोचाल. आधी गोलाई दिलेलं पातं, आडवं किंवा तिरकं मारून जाड ढलप्या, मग लांबीत, मग पातळ. छिलक्याची जाडी हे कामाप्रमाणे ठरतं, प्रतिष्ठेप्रमाणे नाही.

उलटी रेषा:

नवखी, त्या फळीचं पुढे काय करणार आहात?

नवखी:

छोटं टेबल. फळी ४०० मिमी रुंद आहे. वाकू नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या गोंदाने आणि स्क्रूने पक्क्या बसवणार.

उलटी रेषा:

थांबा, गोंद नको!

लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. हवेतल्या दमटपणाबरोबर हे कायम चालू असतं, पॉलिशने मंदावतं पण थांबत नाही. साग यात शांत समजला जातो, तरी ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो वर्तुळांच्या दिशेत ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेत २.५ टक्के आकसतो. तुमच्या ४०० मिमीच्या फळीत आर्द्रता १२ टक्क्यांवरून ८ वर आली, आणि फळी वर्तुळांच्या दिशेत चिरलेली असली, तर रुंदी सुमारे ३ मिमीने कमी होईल. खालच्या पट्टीची लांबी मात्र तेवढीच राहील. दोन्ही गोंदाने जखडलेली असतील तर फळीला चिरण्यावाचून गत्यंतर नाही.

पट्टीच्या मधोमध एक स्क्रू पक्का बसवा. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत भोकाऐवजी लांबट खाच पाडा, लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने. स्क्रू घट्ट, गोंद अजिबात नाही. फळी सपाट राहील आणि सरकायलाही मोकळी.

नवखी:

बरं झालं विचारलंत. गोंदाची बाटली हातात होती.

भुसाताई:

खाचकुसू, बघितलंत ना? "पुढे काय करणार" एवढंच विचारलं आणि एक टेबल वाचलं. तुमचा पहिला प्रश्न पहिल्या दिवसापुरता ठेवू नका, मध्येही विचारत राहा.

खाचकुसू:

खरंय. वरच्या प्रतिसादात बदल करून घेतो.

जुन्या अवजारांबद्दल दोघांनी मला वेगळं विचारलंय, इथेच उत्तर देतो म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल. वापरलेला रंधा घ्यायला हरकत नाही. वरवरचा गंज घाबरण्यासारखा नसतो. बघायचं ते असं: तोंडाजवळ (पातं खाली जिथून बाहेर येतं ती फट) आणि बाजूच्या भिंतींना तडा आहे का, पात्याची लांबी किती उरली आहे, आणि पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे आहेत का. खड्डे धारेपर्यंत पोचले की तिथे धार येत नाही, मग पातं बदलावंच लागतं. पटाशीचं टोक निळं पडलेलं दिसलं तर कुणीतरी ती ग्राइंडरवर जाळली आहे, तिथलं पोलाद मऊ झालेलं असतं. निळा भाग घासून टाकल्यावर उरते तेवढीच पटाशी समजा.

दहा अंगठे:

बेंच हुक झाला! पट्टी किंचित तिरकी बसलीय पण करवत धरते. मत हवंय. एकच गोष्ट सांगा :)

डावखुरा:

एकच: वरची पट्टी फळीच्या पूर्ण रुंदीची लावलीत, ती डाव्या बाजूने करवतीच्या रुंदीएवढी आखूड करा. म्हणजे तुम्ही डाव्या हाताने कापाल तेव्हा करवत तुकड्यातून सुटून खालच्या फळीवर उतरेल आणि तुकड्याची मागची कड पट्टीच्या आधारामुळे फुटणार नाही. तिरकेपणाबद्दल मी काही बोललेलो नाही.

दहा अंगठे:

कळलं, कळलं. तिरकेपणाही काढतो.

नवखी:

टेबल जोडलं. लांबट खाचा पाडल्या, मधला स्क्रू पक्का. आता उकळलेलं जवसाचं तेल लावतेय, पहिला हात झाला, चिंधीने पुसून घेतलंय. दुसरा हात कधी?

पेशाने सुतार:

पहिला पूर्ण सुकल्यावर. हाताला चिकट लागत नाही तोपर्यंत थांबा, साधारण दुसऱ्या दिवशी. पातळ लावा, पंधरावीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा.

पण ती चिंधी कुठे आहे? चुरगाळून डब्यात टाकली असेल तर आत्ता उठा. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. गोळा झालेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि कुणी काडी न लावता आग लागते. एकेरी पसरून बाहेर मोकळ्यावर वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा.

नवखी:

बाल्कनीत दोरीवर टाकली, एकेरी. फोटो उद्या, उजेडात.